हळदीचा हात

१९९४ सालचा मे महिना. अंबाडी नाक्यापासून तासभर पायवाटेने चाललं की कुणब्यांचं एक गाव लागतं. तिथल्या एका घराच्या ओटीवर बसून मी नोंदवहीत एका बाईच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलं आणि खाली लाल शाईची रेघ ओढली. चोवीस महिन्यांच्या गोळ्या, त्यात एकही महिना चुकलेला नाही. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ. इतकी स्वच्छ नोंद माझ्या वहीत क्वचितच व्हायची. आनंदाने म्हणालो, “मावशी, सुटलात. आता गोळी नाही.”

तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलेलं. हाताच्या त्या बाजूला तव्याचा चटका बसला तरी तिला कळत नसे.

“सुटली, तं मग भाकर कदी थापू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोपरापाशी सुजलेली नस केव्हाच निकामी झाली होती आणि गोळ्यांनी फक्त जंतू मेले होते. माझ्या वहीप्रमाणे तिचा उपचार त्या दिवशी संपला होता. तिला ज्यासाठी उपचार हवा होता, त्याला आम्ही हातच लावला नव्हता.

१९८९मध्ये नोकरीला लागलो तेव्हापासून निवृत्तीपर्यंत याच पट्ट्यात फिरलो. भिवंडी-वाडा रस्ता आणि शिरसाडहून वज्रेश्वरीमार्गे येणारा रस्ता जिथे मिळतात, तो अंबाडी नाका. पलीकडे झिडके, दुगाड, वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली आणि मधून वाहणारी तानसा. कुणबी आणि आगरी यांची गावं, वारली, कातकरी आणि मल्हार कोळ्यांचे पाडे. पावसात भातलावणी, दिवाळीनंतर वीटभट्टी. निवृत्त झाल्यावर मला इथल्या दुखण्यांचा आणि उपचारांचा इतिहास जुळवावासा वाटला. पण तारखा मांडायला बसलो की दर वेळी मावशीचा प्रश्न आडवा येई. म्हणून मग त्याच प्रश्नाच्या धाग्याने हा इतिहास मांडतो आहे: आजारी माणसाला काय हवं होतं, आणि ते त्याला कोणी विचारलं?

सुरुवात वज्रेश्वरीपासूनच करायला हवी, कारण या भागात माणूस आपलं मागणं पहिल्यांदा बोलतो ते देवीपुढे. आजचं देऊळ हेच मुळी एका फेडलेल्या नवसाचं देऊळ. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला की किल्ला हाती आला तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन, असं इथे सांगतात. मे १७३९मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली, आणि सुभेदार शंकर केशव फडक्यांनी टेकडीवर देऊळ उभं केलं. खालून वर जाणारी दगडी पायऱ्यांची रांग, मधल्या पायरीवर कोरलेलं कासव, दारावरचा नगारखाना आणि तटासारख्या भिंती. वर चढणाऱ्याला गडावर आल्यासारखंच वाटतं.

नवसाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मी आरोग्य खात्यातला माणूस, रोग नवसाने जातो असं मी कधी म्हणणार नाही. पण नवसाची एक गोष्ट मला मोलाची वाटते. नवस मोघम चालत नाही. ‘माझं भलं कर’ असा नवस कोणी करत नाही. ‘पोराचा पाय जमिनीला टेकू दे’, ‘लावणीपर्यंत कंबर उभी राहू दे’, ‘सुनेला दूध येऊ दे’ असा नवस असतो. काय हवं, केव्हापर्यंत हवं आणि ते मिळालं हे कशावरून ओळखायचं, हे सगळं त्यात येतं. आमच्या केसपेपरवर तक्रारीचा रकाना होता, रोगाच्या नावाचा होता, औषधाचा होता. मागण्याचा रकाना मात्र नव्हता.

देवळापासून जवळच, तानसेच्या काठाने अकलोलीत आणि गणेशपुरीत गरम पाण्याची कुंडं आहेत. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी इथली कथा आहे. पाण्याला गंधकाचा वास येतो. सांधे धरलेली, खरूज झालेली, अंगावर चट्टे उठलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या कुंडांवर येत आली आहेत. कुष्ठरोगाला तेव्हा रक्तपिती म्हणत, महारोग म्हणत. त्यावर कडू कवठाच्या बियांचं तेल चोळायचं, पोटात घ्यायचं आणि कुंडावर आंघोळ करायची, हाच उपाय.

१९९१च्या हिवाळ्यात मला या कुंडांपाशीच एक मजूर भेटला. पस्तिशीचा, वीटभट्टीवर काम करणारा. दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड आलेले. ऊन पाण्यात पाय सोडून तो बराच वेळ बसला होता. शेजारी बसलेली माणसं भाजतंय म्हणून पाय वर घेत होती, आणि त्याला भाजतंय हेच कळत नव्हतं. मी बॉलपेनच्या टोकाने त्याचे तळवे तपासले. “डोळे मीट, लागलं तिथे बोट ठेव.” त्याने एकदाही बोट ठेवलं नाही. पाय पूर्ण बधिर. मी त्याच्यावर रागावलो, “गरम पाण्यात कशाला बसलास?” तो म्हणाला, “भट्टीवर उभं रायता आलं पायजे साहेब. मुकादमाची उचल घेतलीय.”

मी वहीत ‘दोन्ही पाय बधिर, भाजल्याच्या जखमा’ असं लिहिलं. वैद्यकीयदृष्ट्या ते अचूक होतं. पण उचलीचं काही लिहिलं नाही. महिनाभर पाय टेकू नकोस असं सांगून मी निघून गेलो. तो पाय टेकणारच होता, हे मला कळायला हवं होतं. त्याने देवीला सांगितलं आणि मलाही सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही, कारण ते लिहायला वहीत जागा नव्हती.

ही जागा का नव्हती, ते समजून घ्यायला मुंबईकडे पाहावं लागतं. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू दाखवला आणि जगभर या रोगाची धास्ती बसली. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या रुग्णांविरुद्ध ओरड सुरू झाली. तेव्हा महापालिकेचे आयुक्त होते हॅरी अ‍ॅक्वर्थ. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठ्यांचे पोवाडे गोळा करून छापले ते हेच अ‍ॅक्वर्थ. त्यांनी वर्गणी जमवून १८९०मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारलं. आज वडाळ्यात त्यांच्याच नावाने असलेलं कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. कितीतरी माणसांना तिथे छप्पर आणि औषध मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. पण ती उभी राहिली त्यामागे मागणं होतं शहराचं. हे लोक रस्त्यावर दिसू नयेत, हे ते मागणं.

१८९०-९१मध्ये एक आयोग हिंदुस्थानभर फिरला. हा रोग सहजासहजी लागत नाही आणि सक्तीने वेगळं ठेवण्याची गरज नाही, असं त्या आयोगाचं मत पडलं. तरीही १८९८ साली कायदा आला आणि भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो कायदा पुस्तकातून पूर्णपणे पुसला गेला २०१६मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जाई, ते कलम तर २०१९पर्यंत होतं. मी ज्यांच्या हातात गोळ्यांची पाकिटं देऊन ‘आता पूर्ण बरे व्हाल’ म्हणत होतो, त्यांच्याविरुद्ध असे कायदे तेव्हा देशाच्या पुस्तकात होते. आजार बरा होणं आणि माणूस मोकळा होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला कायद्याच्या पुस्तकातूनही दिसलं.

रुग्णाच्या हाताकडे हात म्हणून बघणारे लोकही या कायद्यांच्या काळातच झाले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. जिवंत स्नायूची कंडरा वळवून मेलेल्या स्नायूच्या जागी जोडायची, म्हणजे बोट पुन्हा सरळ होतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या, पण काही रुग्ण परत आले ते तक्रार घेऊन. हात सुधारला म्हणून भीक मिळेना, आणि रोगाचं नाव लागलेलं म्हणून काम कोणी देईना. ब्रँड यांनी तक्रार मनावर घेतली. दवाखान्याच्या आवारातच छोटी वसाहत उभारून त्यांनी रुग्णांना सुतारकाम आणि इतर कामं शिकवायला घेतली. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि वरोऱ्याजवळ माळरानावर आनंदवन उभं केलं. तिथेही रुग्णांच्या हाती पहिल्यांदा दिलं ते कुदळ-फावडं. मुंबईत जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंटिया कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि गेलेल्या भुवया नीट करत. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो आणि वाळीत पडतो, म्हणून चेहरा दुरुस्त करणं हाच त्या माणसाचा उपचार, असं ते मानत. या तिघांचं काम वेगवेगळं दिसलं तरी तिघांनी आधी एकच केलं. समोरच्याला काय हवं आहे ते ऐकलं.

माझ्या वाट्याला आला तो गोळ्यांचा काळ. आधी वर्षानुवर्षं एकटी डॅप्सोनची गोळी घ्यावी लागे. १९८०च्या दशकात तीन औषधं एकत्र देणारा बहुविध औषधोपचार आला आणि खरोखर क्रांती झाली. दर महिन्याची पहिली मात्रा आम्ही आमच्यासमोर गिळायला लावायचो, बाकीच्या घरी. तिन्हींपैकी क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. औषध बंद झालं की काही महिन्यांनी रंग परत येतो, हे आम्ही सांगायचो. पण सांगणं सोपं होतं. दुगाडच्या बाजूचा एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या पाठीवर फिकट चट्टे, कपड्याखाली झाकलेले, कोणाला ठाऊक नाहीत. गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत तोंड काळं पडलं. गावात कुजबूज सुरू झाली. त्याने गोळ्या तानसेत फेकल्या. मी समजावायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “चट्टे मलाच ठाऊक होते. हे तर सगळ्यांना दिसतंय. माझं लग्न ठरायचंय.” त्याला रोगापेक्षा रोगाचं नाव नको होतं. डॉक्टरांशी बोलून त्याची औषधं बदलून घेता आली. पण त्याच्याआधी गोळ्या सोडलेल्यांना मी ‘बेफिकीर’ म्हणून नोंदवलं होतं. ती नोंद माझ्या हातची आहे.

१९९४च्या त्या मे महिन्यानंतर मी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने एक रकाना आखला. वर लिहिलं, ‘काय पाहिजे’. कोणी सांगितलं नव्हतं, तपासणीत कोणी तो पाहणारही नव्हतं. तपासताना आम्ही माणसाला उन्हात बसवत असू, कारण चट्टा उजेडातच नीट दिसतो. तपासणी झाली की तिथेच विचारायचो. सुरुवातीला लोक गप्प बसायचे. डॉक्टरकीच्या माणसाने असं विचारायची सवयच नव्हती. मग हळूहळू उत्तरं येऊ लागली. आजही ते पान माझ्याकडे आहे.

म्हशीची धार काढायची आहे. डोळा मिटून झोपायचं आहे, रात्रभर उघडा राहतो. एसटीत शेजारी कोणी बसावं. बाजारातल्यासारखी चप्पल हवी. मुलाला शाळेत कोणी काही विचारू नये. देवळाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढायच्या आहेत. एकाने म्हटलं, काही नको, फक्त घरी येऊ नका, तुमची जीप दारात थांबली की सगळ्यांना कळतं. त्याला पुढे मी दर महिन्याला अंबाडी नाक्यावर चहाच्या टपरीवर भेटत राहिलो. गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. त्याने एकही महिना चुकवला नाही.

चपलेचं मागणं पुष्कळांचं होतं. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला मिळत. पायाला जखम होऊ नये म्हणून त्या उत्तम होत्या. पण त्या सगळ्यांच्या एकसारख्या असत आणि दुरूनही ओळखू येत. माणसं त्या घरात आढ्याला टांगून ठेवत आणि अनवाणी शेतावर जात. आम्ही जखमा मोजत राहिलो. मग नाक्यावरच्या चांभाराला तेच मऊ रबर देऊन बाजारातल्या चपलेच्या आत लावून घेतलं. त्या चपला झिजेपर्यंत वापरल्या गेल्या. औषधात, रबरात काही बदललं नव्हतं. मागणं ऐकलं, एवढाच फरक.

डिसेंबर २००५मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि त्यानंतर कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. त्या आकड्यामागे आमच्यासारख्या हजारो माणसांची पायपीट आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ज्याचा उपचार पूर्ण झाला तो त्या आकड्यातून वगळला जातो. वळलेली बोटं, न मिटणारा डोळा, पायाची न भरणारी जखम घेऊन जगणारी माणसं त्या मोजदादीत नव्हती. आणि नवे रुग्ण आजही सापडतात. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतातच असतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन लेखकांनी लिहिलं की ‘काय होतंय’ या प्रश्नाबरोबर ‘तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे’ हेही डॉक्टरांनी रुग्णाला विचारलं पाहिजे. ते वाचताना मला वज्रेश्वरीच्या पायऱ्या आठवल्या. हा प्रश्न आमच्या माणसांना नवा नव्हता. विचारणारे आम्ही नवे होतो.

आता मावशीकडे परत येतो, कारण तिने मला आणखी एक गोष्ट शिकवली.

तिच्या बोटांवर शस्त्रक्रिया होऊ शकत होती. आधी व्यायाम, मग शस्त्रक्रिया, मग तीन-चार आठवडे प्लास्टर आणि पुन्हा व्यायाम. ती म्हणाली, लावणी होऊ दे. मग म्हणाली, झोडणी होऊ दे. तोवर मी तिला तेलाने बोटं ताणायला शिकवलं, रोज रात्री हात दिव्यापुढे धरून चटके शोधायला शिकवलं, तव्याच्या कडीला कापड गुंडाळायला लावलं. १९९६च्या शेवटी मी शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आनंदाने तिच्या ओटीवर गेलो.

ती म्हणाली, “भाकर आता सून थापतेय. राहू दे ते.”

मी थोडा खट्टू झालो. अडीच वर्षं ‘भाकरी थापायची आहे’ असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मग लक्षात आलं की पहिल्यांदा विचारून मी थांबलो होतो. माणसाचं मागणं ऋतूबरोबर, घराबरोबर बदलतं. ते पुन्हा विचारावं लागतं. मी विचारलं, “मग आता काय पाहिजे?”

ती बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. धाकट्याचं लग्न वैशाखात होतं. “हलद लावायचीय,” ती म्हणाली. “पोराच्या अंगाला माझा हात लागला पायजे. भावकी नको म्हनते. बोलत नाय, पन नको म्हनते.”

मी विचारलं, भावकीशी बोलू का? ती नको म्हणाली. “बोलू नको. तू हलदीला ये. सगल्यांसमोर माझ्या हातचं पानी पी.”

मी गेलो. मांडवात गॅसबत्त्या होत्या, धवलारणीने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, धरले होते. मावशी पितळी तांब्या घेऊन थेट माझ्याकडे आली. वळलेल्या बोटांच्या हातानेच तिने तांब्या धरला होता, झाकला नव्हता. मी पाणी प्यायलो, रिकामा तांब्या परत दिला आणि आणखी मागितलं. बाजूच्या बाकावर बसलेले म्हातारे काका, नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा, काही क्षण बघत राहिले. मग त्यांनीही हात पुढे केला. कोणी काही बोललं नाही. धवळे सुरूच होते.

सुवासिनींची हळद लावून झाली आणि थोरल्या जावेने हळदीची वाटी मावशीकडे सरकवली. तिने मुलाच्या गालावरून हात फिरवला. मी अगदी जवळ उभा होतो. पिवळ्याजर्द हळदीत दोन सरळ बोटांचे लांब पट्टे उठले, आणि त्यांच्या खालच्या अंगाला दोन गोल ठसे, वळलेल्या बोटांच्या टोकांचे. मुलाने ते पुसले नाहीत. हळद उतरवेपर्यंत ते चार ठसे तसेच त्याच्या गालावर होते.

घरी येऊन मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि तिच्या नावासमोर तारीख लिहिली.